वाचलेल्या पाण्याचा धनी कोण?

२०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील दोन नव्या धरणांना मान्यता दिली. कुरुंग येथील पोशीर प्रकल्पाचा खर्च सुमारे ६,३९४ कोटी रुपये, तर किकवी येथील शिलार प्रकल्पाचा सुमारे ४,८६९ कोटी रुपये. दोहोंची बेरीज अकरा हजार कोटींच्या पुढे जाते. पोशीरच्या पाण्याचे वाटेकरी म्हणून नवी मुंबईच्या जोडीला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची नावे घेतली गेली. अशा प्रत्येक घोषणेबरोबर तहान कायमची मिटल्याची ग्वाही येते, तशी ती याही वेळी आली.

याच कर्जत तालुक्यात राजनाला नावाचा कालवा आहे. तो नव्याने बांधायचा नाही, त्यासाठी गाव उठवायचे नाही, जंगल तोडायचे नाही. तो फक्त नीट करायचा आहे. त्याचे काठ ढासळलेले, मोऱ्या फुटलेल्या, शेतचाऱ्या बुजलेल्या. दुरुस्तीच्या नावाने तो हंगामच्या हंगाम कोरडा ठेवण्यात आला आणि उन्हाळी भाताची खाचरे पडीक राहिली. अकरा हजार कोटींची धरणे ज्या तालुक्यात उभी राहणार, त्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हक्काचा पाट मात्र डागडुजीच्या याद्यांत अडकून पडतो. ही विसंगती नजरचुकीची नव्हे. तिच्यामागे हितसंबंध आहेत आणि ते उलगडून दाखवणे हे श्रमिकांच्या पक्षाचे काम आहे.

प्रथम उल्हास नदी समजून घेतली पाहिजे. पावसाळा संपल्यावर ही नदी निसर्गाच्या लहरीने वाहत नाही, ती वीजकंपनीच्या वेळापत्रकाने वाहते. मावळातली आंध्रा नदी मुळात पूर्ववाहिनी; तिचे पाणी इंद्रायणीतून भीमेला जायचे. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ठोकरवाडीला धरण बांधून ते पाणी सह्याद्रीतून पश्चिमेकडे वळवले आणि १९२२ साली भिवपुरीच्या वीजघरात जनित्रे फिरू लागली. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज मिळाली. मावळच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले, हे मुळशीच्या सत्याग्रहाने, सेनापती बापटांनी आणि त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेल्या मावळ्यांनी १९२१ पासून जगाला सांगितले आहे. १९७६ साली कृष्णा पाणीवाटप लवादाने टाटांच्या या वळवलेल्या पाण्याला ४२.६ टीएमसी इतकी मान्यता दिली. वीज करून झाल्यावर भिवपुरीचे पाणी पेज नदीत उतरते, त्यातले काही राजनाल्याला मिळते आणि उरलेले उल्हासेतून बदलापूरच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तेथून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ते उचलते आणि बदलापूर-अंबरनाथच्या नळांना पुरवते. बदलापूरच्या खाली बारवीचे पाणी मिळते, ते जांभूळ येथे औद्योगिक विकास महामंडळ उचलते. त्या पाण्यावर कारखाने चालतात आणि स्वतःचा एकही जलस्रोत नसलेले उल्हासनगर जगते.

म्हणजे बदलापूरच्या चाळीतली बाई ज्या पाण्याने तांदूळ धुते आणि कर्जतचा शेतकरी ज्या पाण्याने तोच तांदूळ पिकवतो, ते पाणी एकाच वीजघरातून सुटलेले असते. हे नाते दोघांपैकी एकालाही ठाऊक नाही. ठाऊक होऊ नये अशीच व्यवस्था आहे.

राजनाल्याची महती कोकणातल्या शेतीची रीत माहीत असल्याखेरीज कळणार नाही. कोकणात पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि दिवाळीनंतर विहिरी खोल जातात. ओलीवर वाल होतो, क्वचित हरभरा होतो. त्यापुढे शेत मोकळे आणि माणूसही मोकळा. मोकळा म्हणजे बेकार. कातकरी आणि ठाकर कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात, उचल घेऊन बांधली जातात, शाळा सुटते. ज्या गावांत उन्हाळ्यात पाटाचे पाणी येते तेथे मात्र दुसरे भात होते. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी अशी मजुरीची एक साखळी ऐन चैत्र-वैशाखात चालू राहते, गुरांना पेंढा होतो, पाटाशेजारच्या विहिरींना पाझर मिळतो. कालव्याच्या लाभक्षेत्राचा नकाशा हेक्टरांत काढला जातो. तो वस्तुतः मजुरीच्या दिवसांत काढला पाहिजे. पाट कोरडा पडला म्हणजे जमीनमालकाचे एक पीक बुडते, पण भूमिहीनाचा अर्धा वर्षाचा संसार भट्टीवर जातो.

कोरडा पाट आणखी कोणाला हवा असतो? कर्जत तालुक्यात गेल्या तीन-चार दशकांत मुंबईकरांच्या शेतघरांचे जे पीक आले आहे, ते पाहिले म्हणजे उत्तर मिळते. दोन पिके देणारे खाचर शेतकरी सुखासुखी विकत नाही. तीन-चार उन्हाळे पाणी आले नाही की त्याची उमेद खचते, आणि मग दलाल दारात येतो. बदलापूर, अंबरनाथच्या आसपासच्या भातखाचरांवर इमारती कशा उगवल्या त्याचा इतिहास थोड्याफार फरकाने हाच आहे. पाटबंधारे खात्याचे दुर्लक्ष ही जमिनीच्या व्यापाऱ्याला मिळालेली बिनकागदी सवलत आहे.

कालवा म्हातारा होतो म्हणून मरत नाही. नीरा डावा कालवा १८८५ चा आहे आणि त्याच्यावर आजही बारामती-इंदापूरची शेती उभी आहे. धुळे-नाशिककडील पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरचे फड बंधारे तर त्याहून कितीतरी जुने. ते टिकले, कारण त्यांना राबते हात होते. फडात पाटकरी असे, जागल्या असे. पाळीप्रमाणे पाणी देणे, रात्री पाट राखणे ही त्यांची कामे. आणि दरसाल पाट साफ करायला सारे बारेकरी स्वतः उतरत. ज्याच्या अंगावर गाळ उडाला त्याला पाटाचे पाणी पवित्र वाटते! पाट सरकारी झाला तेव्हा राबते हात गेले. पाटकऱ्याची जागा रिकामी राहिली की भरली जात नाही. दरवर्षी शंभर रुपयांची देखभाल टाळायची, मग दहा वर्षांनी लाख रुपयांचे ‘पुनरुज्जीवन’ काढायचे, हा या राज्याचा शिरस्ता आहे. देखभालीत ठेकेदाराला काही नसते, पुनरुज्जीवनात असते. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनक्षेत्र अवघे ०.१ टक्क्याने वाढल्याचे नमूद झाले आणि त्याच काळात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्ची पडल्याने राज्य हादरले. पैसा नव्हता असे कोणीही म्हणू शकत नाही. पैसा मातीकामात गेला, पाटात उतरला नाही.

उल्हास खोऱ्यातच याचे जिवंत उदाहरण आहे. कर्जत तालुक्यातील कोंढाणे धरण हे उल्हास नदीवरचे. २०११ साली त्याचा अंदाजित खर्च काही महिन्यांत अनेक पटींनी फुगला, प्रकरण लाचलुचपत प्रतिबंधक विभागापर्यंत गेले आणि पुढे ते धरण सिडकोच्या स्वाधीन करण्यात आले. सिंचन महामंडळाने काढलेले धरण नगर वसवणाऱ्या महामंडळाच्या हाती गेले. सिंचन हा शब्द फलकावर, पाणी भलतीकडे.

येथवर जे सांगितले ते कार्यकर्त्यांना अनोळखी नाही. दुर्लक्ष, ठेकेदारी, भ्रष्टाचार यांवर भाषणे पुष्कळ झाली आहेत. परंतु त्यांच्यापाशीच थांबले म्हणजे प्रश्नाचा गाभा निसटतो. समजा, उद्या ठेकेदार प्रामाणिक निघाला. राजनाल्याला सिमेंटचे पक्के अस्तर झाले, किंवा पाटाच्या जागी बंद नळ आले. गळती थांबली, पाझर थांबला, पाणी वाचले. ते वाचलेले पाणी कोणाचे?

हा प्रश्न कोणत्याही निविदेत लिहिलेला नसतो. तो लिहिलेला नसतो म्हणूनच त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. पूर्वी शंभर घागरी सोडाव्या लागत होत्या, आता सत्तर पुरतात. उरलेल्या तीस घागरी सरकारी हिशेबात ‘उपलब्ध’ ठरतात, आणि पाणी उपलब्ध आहे म्हटल्यावर मागणारा तयारच असतो. शेतकऱ्याने दोन-तीन हंगाम पाट बंद ठेवून झीज सोसली, विहिरीचा पाझर गमावला, आणि त्याच्या त्यागातून निघालेले पाणी खाली वाहत जाऊन कोणा वसाहतीच्या पोहण्याच्या तलावात पडले, असे घडायला एकाही कायद्याची आडकाठी नाही.

ही कल्पनाशक्तीची भरारी नव्हे. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला अलीकडच्या वर्षांत बारामती-इंदापूर भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तो प्रगतीच्या द्वेषाने नव्हे. कालव्याच्या पाझरावर त्यांच्या विहिरी जगतात, आणि ज्यांच्याकडे पाळीचे पाणी कधी पोचतच नाही अशांचाही त्या पाझरावर गुजारा होतो. समुद्रापलीकडे हेच अधिक उघडपणे घडले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मेक्सिकोच्या सीमेलगत ऑल-अमेरिकन नावाचा कालवा आहे. त्याच्या पाझरावर सीमेपलीकडच्या मेक्सिकाली खोऱ्यातल्या विहिरी कित्येक दशके चालत होत्या. २००९ च्या सुमारास त्याच्या सुमारे ३७ किलोमीटर भागाला सिमेंटचे अस्तर झाले. दरसाल आठ कोटी घनमीटरांहून अधिक पाणी वाचले, आणि ते मुख्यतः सॅन डिएगो शहराच्या भागाला देण्यात आले. मेक्सिकोच्या बाजूने न्यायालयात दाद मागण्यात आली. तेव्हा अमेरिकेच्या संसदेने काम विनाविलंब करावे असा कायदाच करून टाकला. भांडवलशाहीत गळती ही चूक असते खरी, पण कधी कधी गरिबाचा वाटा त्या चुकीतूनच येतो. चूक दुरुस्त करताना तो वाटा मोजून बाजूला ठेवावा, एवढेच मागणे आहे.

महाराष्ट्रातही शेतीचे पाणी शहराकडे व कारखान्याकडे नेण्याला धोरणाचा पाठिंबा मिळत आला. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतरचा क्रम उद्योगाला दिला आणि शेतीला तिसऱ्या पायरीवर उभे केले. ओरड झाली, तेव्हा २०११ साली शेतीला उद्योगाच्या वर घेतले गेले. पण त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाने आपल्या हाती ठेवला आणि आधी झालेल्या वळवावळवीला संरक्षण मिळाले. क्रम बदलला, मालक बदलला नाही. पेण तालुक्यातले हेटवणे धरण याची साक्ष देईल. धरण झाले, सिडकोच्या नवी मुंबईला पाणी गेले, लाभक्षेत्रातली गावे कालव्याची वाट पाहत राहिली. पुढे त्याच जमिनींवर महामुंबई सेझ येऊ घातले, तेव्हा एन. डी. पाटील आदींच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. सिंचनाच्या लाभक्षेत्रातील जमीन देणार नाही, हा त्यांच्या हातातला एक भक्कम दंडा होता, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत सरकारला जनमताचा कौल घ्यावा लागला. कागदावरच्या कालव्यानेसुद्धा जमीन वाचवायला हातभार लावला! मग वाहता कालवा काय करील, आणि तो वाहू नये असे कोणाला का वाटते, ते वेगळे सांगायला नको.

येथे एक आक्षेप हमखास निघतो आणि तो मित्रांकडून निघतो. शहरांतली माणसे काय सारी पोहण्याच्या तलावांत डुंबतात? उल्हासनगरच्या बराकीत राहणाऱ्याला पाणी नको काय? १९४२ च्या सुमारास उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंध सोडून आलेली सुमारे लाखभर माणसे कोंबण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हास नदीचे नाव मिळाले. नाव नदीचे, पण नदीवर हक्क नाही. आजही ते शहर औद्योगिक महामंडळाकडून पाणी विकत घेते. अंबरनाथ आणि बदलापूर ही गिरणगावातून, चाळींतून, महागाईने ढकललेल्या कामगारांची आणि कारकुनांची शहरे. त्यांच्या तहानेला शेतकऱ्याच्या विरोधात उभे करणे हा सत्ताधाऱ्यांचा डाव आहे. त्याला बळी पडायचे नसेल, तर शहरातला नळही राजनाल्याच्या बाजूला ठेवून पाहिला पाहिजे.

पाहिले तर काय दिसते? तेच. जमिनीखाली गंजलेल्या जुन्या वाहिन्या, त्यांना गटाराची संगत. रस्त्याकडेला मोठी जलवाहिनी फुटून उडणारे कारंजे आणि त्याच दिवशी पलीकडच्या वस्तीत टँकर. कालव्याच्या शेवटच्या टोकाला जसा ‘टेल’चा शेतकरी, तसा उल्हासनगरच्या कॅम्पांत उंचवट्यावरच्या गल्लीतला रहिवासी. वरच्या अंगाचा जमीनदार पाटावर मोटार टाकतो; येथे ज्याची ऐपत आहे तो नळाला मोटार लावून खेचतो. जुन्या वाहिन्या बदलण्याच्या कोट्यवधींच्या योजना तिन्ही शहरांत झाल्या, होत आहेत, पुन्हा होतील. त्यांतून पाणी वाचतेही. परंतु वाचलेले पाणी टेलच्या गल्लीत जाते की नव्या टोलेजंग संकुलांच्या बांधकाम परवान्यांना जोडले जाते, हा हिशेब कोणत्या नगरपालिकेने नागरिकांपुढे ठेवला आहे? अंबरनाथजवळचे चिखलोली धरण लघुपाटबंधारे खात्याचे. आज त्याचे पाणी शहर पिते आणि शहरासाठीच त्याची उंची वाढवण्याचे काम काढले गेले. धरणाखाली शेतीच उरली नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो फार सोयीचा आहे: आधी शेती संपू द्यायची, मग शेतीचे पाणी शिल्लक राहिले म्हणायचे.

बारवीचाही विसर पडता कामा नये. १९७२ साली औद्योगिक महामंडळाने बांधलेले हे धरण टप्प्याटप्प्याने उंचावत आता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरांवर पोचले आहे. प्रत्येक टप्प्याला मुरबाडकडची गावे आणि आदिवासी पाडे मागे सरकले. शेवटच्या टप्प्यात बाधित कुटुंबांतील एकाला महामंडळात वा पाणी पिणाऱ्या नगरपालिकांत नोकरी, हे तत्त्व मान्य झाले. ते सरकारच्या दयाबुद्धीने नव्हे, दरवाजे बंद करू देणार नाही असे लोकांनी बजावले म्हणून. काळू धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीवाचून रेटले गेले, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ साली ते काम थांबले. पोशीर आणि शिलारच्या खोऱ्यांतील माणसांपुढे हे दोन्ही धडे आहेत.

तेव्हा शहराला पाणी द्यायचे की शेतीला, असा हा झगडा नाही. नवे धरण बांधण्यापूर्वी जुना पाट आणि जुना नळ दुरुस्त करा, आणि दुरुस्तीतून वाचणारे पाणी टेलच्या माणसाच्या नावे आधी लिहून द्या, असा हा झगडा आहे. दोन्हीकडच्या टेलच्या माणसांनी एकत्र येऊन तो केला, तरच तो जिंकता येईल.

आता लिहून द्यायचे कोणाच्या नावे, हे ठरवणे भाग आहे. सरकारी पाट नको, लोकांच्या हाती द्या, असे म्हणताच एक जमात पुढे सरसावते आणि ‘कंपनी’ काढा म्हणते. शेतकऱ्यांनी भागभांडवल घालावे, कर्ज काढावे, पाटाचे नळ करावेत, नफातोटा पाहावा. अमेरिकेच्या पश्चिमेत शेतकऱ्यांच्या अशा पाटकंपन्या शंभर-दीडशे वर्षे चालत आल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांनी पाट चांगले सांभाळले, हे नाकारता येत नाही. पण तेथे पाण्याचा हक्क म्हणजे कंपनीचा भाग, आणि भाग म्हटला की तो विकता येतो. कोलोरॅडोच्या क्राउली परगण्यात १९७० नंतरच्या काळात दूरच्या शहरांनी हे भाग विकत घेतले. शेतकऱ्यांनी स्वखुशीने विकले, चांगले पैसे आले, आणि हजारो एकर हिरवी जमीन धुळीला मिळाली. ज्याने विकले नाही त्याच्याही वाट्याला ओसाड शेजार आणि बंद दुकाने आली. कर्जतमध्ये अशी कंपनी निघाली, तर तिचे भाग कोणाच्या तिजोरीत जातील हे सांगायला ज्योतिषी नको.

महाराष्ट्रात दुसरी वाट आहे आणि ती येथल्याच मातीत पडली आहे. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून पाणी घेण्याचा हक्क दिला. संस्थेच्या ताब्यात देण्यापूर्वी खात्याने आणि शेतकऱ्यांनी मिळून पाटाची पाहणी करावी, अशी सोय त्यात आहे. त्याच्याही आधी नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने हे प्रत्यक्षात करून दाखवले. १९९१ पासून एकेक करीत २४ संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे सबंध धरणाच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले. वाघाडला मोजमाप होते म्हणून भांडण कमी आणि टेलला पाणी जास्त. समाजवादी म्हणवणाऱ्यांनी या कामाकडे एनजीओचे काम म्हणून नाक मुरडले, ही चूक कबूल केली पाहिजे.

मात्र या कायद्याची उणीवही झाकून चालणार नाही. त्याचा सभासद तो जमीनधारक. लावणी करणारी कातकरीण त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. विलासराव साळुंख्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभारली, तेव्हा पाणी जमिनीला जोडले नव्हते, माणसाला जोडले होते: दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. सांगलीकडे मुक्ती संघर्ष चळवळीने येरळेवर बळीराजा धरण बांधले, तेव्हाही भूमिहीनांचा वाटा मान्य केला होता. या दोन तत्त्वांची सांगड, म्हणजे वाघाडचे मोजमाप आणि नायगावचे माणशी वाटप, राजनाल्यावर घातली गेली पाहिजे. भूमिहीन कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळाला की तो वाटा घेऊन ते खंडाने खाचर करू शकते, आणि भट्टीच्या मुकादमाला नाही म्हणू शकते. यात आदर्शवाद काही नाही, साधा हिशेब आहे.

मागण्या म्हणून त्या अशा मांडाव्या लागतील. राजनाल्याच्या दुरुस्तीच्या प्रत्येक करारात वाचणाऱ्या पाण्याचे मोजमाप आणि त्याचा धनी लिहिलेला असावा; तो धनी लाभक्षेत्रातील पाणीवापर संस्था असावी, आणि तिच्यात भूमिहीनांना सभासदत्व असावे. हा हक्क विकता, गहाण टाकता वा भाड्याने देता येऊ नये. अस्तरीकरणापूर्वी काठच्या विहिरींची नोंद व्हावी. ज्यांचा पाझर जाईल त्यांना पाळीत जागा मिळावी. काम हंगाम चुकवून पावसाळ्याच्या आगेमागे टप्प्याटप्प्याने व्हावे, आणि हंगाम बुडलाच तर मजुरांसह सर्वांना भरपाई मिळावी. वीजघरातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवताना भाताच्या लावणीचा विचार व्हावा. पूर्वेकडून, भीमा खोऱ्यातून, टाटांच्या धरणांचे पाणी परत मागितले जात आहे आणि सरकारने त्यासाठी अभ्यास समितीही नेमली होती. ती मागणी उद्या मान्य झाली, तर कात्री सर्वांत आधी राजनाल्याला लागेल, कारण त्याच्या हक्काचा कागद सर्वांत दुबळा आहे. मावळच्या शेतकऱ्याशी याविषयी भांडण नव्हे, बोलणे सुरू करायला हवे. त्याचे पाणी गेले तेव्हा त्यालाही कोणी विचारले नव्हते.

तिन्ही शहरांत पक्षाचे काम आहे, कामगारांच्या संघटना आहेत, पाणीटंचाई झाली की नगरपालिकेवर हंडामोर्चा निघतो. हे मोर्चे प्रामाणिक असतात, पण त्यांची घोषणा ‘आम्हाला जास्त पाणी द्या’ एवढीच असते. ती ऐकून अधिकारी मनातून खूश होतो. नव्या धरणाच्या प्रस्तावाला याहून चांगली पुरवणी कोणती? बदलापूरच्या एकाही हंडामोर्चाच्या फलकावर राजनाल्याचे नाव नसावे, आणि कर्जतच्या शेतकऱ्यांच्या निवेदनाखाली उल्हासनगरच्या एकाही मोहल्ला समितीची सही नसावी, याचा दोष सरकारवर ढकलता येणार नाही. लोकलने हे अंतर तासाभराचे आहे.

दरसाल १५ ऑक्टोबरला धरणांतील साठ्याचा हिशेब मांडला जातो आणि त्यावर पुढच्या उन्हाळ्याची आवर्तने ठरतात. बारवी व आंध्रा येथील साठा १५ जुलैपर्यंत कसा पुरवायचा, कोणत्या शहराला किती कपात, हेही पाटबंधारे खाते आणि पाणी उचलणाऱ्या संस्थांच्या बैठकांत ठरते. यंदाच्या हिशेबाआधी राजनाल्याच्या गावांत ग्रामसभांचे ठराव व्हावेत, त्याच आठवड्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथे वॉर्डसभा घेऊन त्या ठरावांना पाठिंबा द्यावा, आणि बैठकीच्या दिवशी खात्याच्या दारात शेतकरी, शेतमजूर व शहरातले टेलचे रहिवासी मिळून उभे राहावेत. आत जाणाऱ्या शिष्टमंडळाने पहिला प्रश्न विचारावा तो गेल्या दहा वर्षांत राजनाल्यावर आणि तिन्ही शहरांच्या वाहिन्यांवर झालेल्या खर्चाचा, आणि दुसरा, त्यातून वाचलेले पाणी आज कोणाच्या नळात आहे याचा.